हात, मूठ आणि मोटारसायकल



या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठ्या विषयांवर भाषणे होतात. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि मी ‘मुठीची निवड’ असे सांगितले, तेव्हा त्यांची समजूत झाली की हा युनियनवाला माणूस घोषणा देताना उगारतात त्या मुठीविषयी बोलणार. मी म्हटले, ती मूठ नव्हे. मोटारसायकलच्या हँडलवर असते ती. रबराची, बाजारात जोडीने मिळणारी. चालक थोडा वेळ गप्प राहिले. पण ते सज्जन आहेत, त्यांनी विषय नाकारला नाही. आणि तसे पाहिले तर या सभामंडपाबाहेर आत्ता जितक्या दुचाक्या लावलेल्या आहेत, तितके श्रोते या विषयाला बांधलेले आहेतच.

मी विद्वान नाही. नववीत शाळा सोडली आणि कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत फेटलिंगच्या कामाला लागलो. हे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेला लोखंडाच्या झालरी राहिलेल्या असतात. त्या हातातल्या ग्राइंडरने घासून काढावयाच्या, याला फेटलिंग म्हणतात. हे मी अकरा वर्षे केले. पुढे युनियनच्या कामात पडलो, आणि जे काही शिकलो ते नगरवाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा आज मी जे सांगणार आहे त्यातले काही पुस्तकांतले, काही गॅरेजातले, आणि बाकीचे माझ्या या दोन हातांतले आहे.

१९९६ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. दुसरी पाळी संपवून रात्री मी माझ्या जुन्या, एका सिलिंडरच्या मोटारसायकलवरून घरी निघालो होतो. पंचगंगेच्या पुलाकडे आलो तो समोर उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही. मी उजव्या हाताची बोटे ब्रेककडे नेली. पण ती तेथे पोहोचली की नाही, हेच मला कळेना. डोळ्यांना बोटे दिसत होती, पण बोटांकडून काही निरोप येत नव्हता. पुढचा ब्रेक लागला तो अर्धाच. पायाच्या ब्रेकने मी वाचलो आणि गुडघा सोलवटण्यावर निभावले.

दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांना मी सांगितले, ‘खड्ड्यात घसरलो.’ खोटे का बोललो? हाताला मुंग्या येतात असे म्हटले असते तर वरचा माणूस म्हणाला असता, याचा हात गेला, याला कमी करा. पुढे एकदा जेवणाच्या सुटीत मी शेजारच्या चौघांना हळूच विचारले. चौघांनीही तेच दुखणे सांगितले. एकाला थंडीच्या सकाळी सदऱ्याची बटणे लावता येत नव्हती. ती त्याची बायको लावून देई. आम्ही पाचही जण वर्षानुवर्षे एका रांगेत काम करीत होतो आणि एकमेकांपासून आपले हात लपवीत होतो.

त्या अपघातानंतर मी पहिली गोष्ट केली ती ही, की बाजारात जाऊन सर्वांत जाड आणि सर्वांत मऊ अशा फोमच्या मुठी विकत आणल्या. वाटले, गादीवर झोपावे तसे होईल. झाले उलटेच. पंधरवड्यात पंजा आणि कोपरापुढचा हात दुखू लागला, आणि मुंग्या होत्या तिथेच राहिल्या. शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्र्याकडे गेलो. त्याने गाडी सुरू केली, हँडलला हात लावला, मग खाली वाकून इंजिनाचा एक फाउंडेशन बोल्ट पान्याने आवळला. म्हणाला, ‘छप्पर गळाय लागलंय, आन् तू खाली भांडी बदलत बसलायस व्हय?’

माझे आजचे निम्मे व्याख्यान त्या एका वाक्यात आहे. उरलेले निम्मे असे, की छप्पर दुरुस्त केल्यावरही खाली भांडे लागतेच, आणि ते बरोबर मापाचे लागते.

हा हादरा येतो कोठून? सिलिंडरमधला दट्ट्या, ज्याला आपण पिस्टन म्हणतो, तो वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक वेळी त्याला थांबवून परत फिरवताना इंजिनाला धक्का बसतो. इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला ७५ वेळा खालीवर होतो. तासाभराच्या प्रवासात असे दोन लाख सत्तर हजार हेलपाटे होतात. क्रँकवर उलट बाजूला वजन ठेवून हा धक्का कमी करतात, पण एका सिलिंडरच्या इंजिनात त्या वजनाने तो पुरता जात नाही. म्हणून पुष्कळ नव्या गाड्यांत उलट फिरणारा एक तोलाचा दांडा बसवितात. उरलेला हादरा चासीतून हँडलमध्ये येतो आणि हँडलमधून तुमच्या हातात. चाकाला खड्ड्यांचे धक्के बसतात ते वेगळे. ते संथ आणि जाड असतात. इंजिनाचा हादरा बारीक आणि भराभर असतो. हा फरक ध्यानात ठेवा, मूठ निवडताना तो उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट. तंबोऱ्याच्या तारेला जसा आपला सूर असतो, तसा हँडलच्या नळीलाही असतो. इंजिनाच्या हादऱ्याची गती त्या सुराशी जुळली की हँडल थरथरू लागते. म्हणून पुष्कळ गाड्या पन्नासला शांत असतात, साठला हात बधिर करतात, आणि सत्तरला पुन्हा शांत होतात. तुमच्या गाडीचा असा वाईट वेग कोणता, ते एकदा पाहून ठेवा आणि तेथे रेंगाळू नका. हा उपाय फुकटचा आहे. मात्र वाईट वेग टाळावयाचा म्हणजे खालच्या वेगाला यावयाचे, वरच्या नव्हे, हे तरुण मंडळींना वेगळे सांगतो.

आता हा हादरा हाताचे काय करतो? थंडीत बोटे पांढरी पडण्याचा विकार मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली वर्णन केला. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या खाणकामगारांमध्ये तसाच प्रकार १९११ साली इटलीत लोरिगा यांनी नोंदविला. १९१८ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणींत, डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या बाईंनी हवेचा हातोडा चालविणाऱ्या पाथरवटांचे हात तपासले आणि त्यांच्या पांढऱ्या, बधिर बोटांचा संबंध हत्याराशी व थंडीशी जोडून दाखविला. हे मी वाचनालयात वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमचे शिरोलीतले हात शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी पाहून ठेवले होते, आणि आम्ही मात्र ते खिशात लपवीत होतो. मोटारसायकलचाही पुरावा आहे: जपानमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्या पोस्टमनांत बोटे पांढरी पडण्याची तक्रार आढळली आणि तेथील संशोधकांनी तिचा अभ्यास केला.

पण मला येथे कोणाला घाबरवावयाचे नाही. रोज अर्धा तास कचेरीला जाणाऱ्या माणसाची आणि आठ तास ग्राइंडर धरणाऱ्याची तुलना होणार नाही. उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत जाणाऱ्या मुंग्या म्हणजे इशारा. रात्री झोपेतून उठविणाऱ्या मुंग्या, हातातून पेला निसटणे, थंडीत बोटे पांढरी पडणे हे इशाऱ्यापलीकडचे आहे. तेथे मूठ बदलीत बसू नये, डॉक्टरकडे जावे. आणि जाताना कोणते बोट बधिर होते, हे नीट पाहून जावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येत असतील तर मनगटातल्या बोगद्यातून जाणारा मज्जातंतू दबत असण्याचा संभव असतो. अशा वेळी मनगट वाकडे ठेवून गाडी चालवितो की काय, ते तपासावे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेवर अंगाचा भार पडत असावा. तसे असेल तर दोष मुठीचा नसून बसण्याचा किंवा हँडलच्या उंचीचा असू शकतो.

आता मिस्त्र्याने सांगितल्याप्रमाणे आधी छप्पर. पैसे मुठीवर खर्च करण्यापूर्वी इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट आणि हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट तपासून घ्यावेत. टायरमधली हवा पुस्तिकेत दिली आहे तितकीच असावी. जास्त भरली की चाक दगडासारखे होते. चेन फार ढिली किंवा फार ताठ नसावी. हँडलचा कोनसेट खडबडीत झाला असेल तर बदलावा. क्लचची तार सुकली असेल तर तेल द्यावे. जड क्लच डाव्या हाताला जितका थकवितो तितके हादरेही थकवीत नाहीत. आणि हँडलच्या टोकांना असणारी वजने पाहावीत. पुष्कळांना ती शोभेची वाटतात. ती शोभेची नाहीत. ती हँडलचा सूर बदलतात आणि थरथर कमी करतात. नवी मूठ बसविताना ती काढून गॅरेजात विसरणे हा मोठाच तोटा होय.

एवढे करूनही मुंग्या राहिल्या, तर मग मूठ बदलावी. ती कशी पाहावी, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट जाडी. आपल्याकडे पूर्वी विळ्याची मूठ किंवा नांगराचे रुमणे सुतार करी, तेव्हा धरणाऱ्याचा हात पाहून करी. धन्याचा नव्हे, गड्याचा. हत्यारांच्या मुठींचा अभ्यास करणारे साधारण ३० ते ४० मिलिमीटर जाडी बहुतेक हातांना सोयीची मानतात. फार बारीक मुठीला बोटे तळव्यात रुततात. फार जाड मुठीला पंजा सतत ताणलेला राहतो आणि क्लच-ब्रेकची पाती लांब पडतात. माझ्या फोमच्या मुठीने केले ते हेच. ज्यांचा पंजा लहान आहे, विशेषतः आमच्या भगिनी, त्यांनी दुकानदार ‘सगळे हीच नेतात’ म्हणाला तरी जाड मूठ घेऊ नये. दुकानातच मूठ धरून पाहावी, आणि नेहमी हातमोजा घालत असाल तर तो घालून पाहावी.

दुसरी गोष्ट मऊपणा. अंगठ्याने दाबून पाहा. थोडी दबावी आणि दाब काढताच परत यावी. दबून तळाला टेकणारी मूठ काही अडवीत नाही. हात मात्र नळी शोधत तिला अधिक आवळतो. मऊ थर इंजिनाचा बारीक, भराभर हादरा काही प्रमाणात गिळतो. खड्ड्यांचा संथ धक्का तो गिळू शकत नाही. ते काम टायर आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे. कोणी दुकानदार ‘ही मूठ लावा, खड्डे कळणार नाहीत’ असे म्हणाला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

तिसरी गोष्ट जिन्नस आणि पृष्ठभाग. साधे चांगले रबर टिकते व पकड देते. जेलचा थर असलेली मूठ लांबच्या प्रवासाला बरी, पण ती जाड असते. उघड्या फोमची मूठ हलकी आणि मऊ. परंतु आमच्या कोल्हापूरच्या पावसात ती स्पंजासारखी पाणी धरते, आणि उन्हात तिचा चुरा होऊ लागतो. सिलिकोन-फोमची नळी पाणी पीत नाही. प्लास्टिकसारखी कडक, चकचकीत मूठ घेऊच नये. ती घामाने निसटते, म्हणून हात तिला आवळतो. नक्षीच्या रेघा असाव्यात, पण उथळ. खोल रेघांनी तळव्यावर वळ उठतात.

चौथी गोष्ट माप. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलची नळी २२ मिलिमीटरची असते. डावी मूठ थेट तिच्यावर बसते. उजवी बसते ती अ‍ॅक्सिलेटरच्या फिरत्या नळीवर, म्हणून तिचे भोक मोठे असते. डावी-उजवी अदलाबदल करू नये. बसविताना जुना गोंद खरवडून काढावा, नवे सोल्यूशन लावावे आणि ते पुरते वाळेपर्यंत गाडी बाहेर काढू नये. हँडलवर फिरणारी सैल मूठ म्हणजे मरणाला आमंत्रण. उजव्या बाजूला मुठीच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळी फट राहिली पाहिजे. अ‍ॅक्सिलेटर पिळून सोडला की तो आपोआप खट्कन परत आला पाहिजे. हँडल पुरते डावीकडे आणि पुरते उजवीकडे वळवून ही परीक्षा करावी. जुन्या मुठीवर वरून कापडाची किंवा स्पंजाची गवसणी चढविणाऱ्यांनी तर ती रोज करावी.

आणि पाचवी गोष्ट दुकानात मिळत नाही. ती म्हणजे धरण्याची रीत. लहानपणी मी आईच्या समोर जात्याला बसत असे. मी खुंटा घट्ट आवळी, आणि चार पायल्यांत हाताला फोड येई. आई म्हणे, ‘खुंटा आवळू नको, मुठीत फिरू दे.’ मोटारसायकलचेही तेच आहे. मूठ जितकी आवळाल तितका हादरा हातात अधिक शिरतो. हात सैल, मनगट सरळ, कोपर किंचित वाकलेले, आणि अंगाचा भार हातांवर नव्हे तर बैठकीवर व पायांवर असावा. थंडीत हातमोजे घालावेत, कारण गारठ्याने बोटांतल्या रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात. तंबाखूही त्या आकसविते. हे माझ्या कामगार बंधूंना ऐकावयास आवडत नाही, म्हणून मी प्रत्येक सभेत सांगतो. लांबच्या वाटेवर तासाभराने थांबावे, हात झटकावेत, चहा घ्यावा.

आता शेवटचा मुद्दा, आणि त्यासाठीच मी हा विषय निवडला.

मोटारसायकलची मूठ ही अशी एक मूठ आहे की जी तुम्ही स्वतः, काही शे रुपयांत, आपल्या हाताच्या मापाने निवडू शकता. पण ग्राइंडरची मूठ, ड्रिलची मूठ, रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरची मूठ ही ती धरणारा निवडीत नाही. ती खरेदी-खाते निवडते, आणि खरेदी-खात्याच्या हाताला मुंग्या येत नाहीत. युरोपात २००२ सालच्या निर्देशाने हाताला बसणाऱ्या हादऱ्याला माप लावले: आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या आकड्याला मालकाने उपाय सुरू करावयाचे, आणि ५ च्या वर कामगाराला जाऊ द्यावयाचे नाही. त्यातले गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. हादरा दुप्पट झाला, तर त्याच मर्यादेत काम करण्याचा वेळ निम्मा नव्हे, चौथाई उरतो. ब्रिटनमध्ये १९८५ सालापासून हादऱ्याने पांढरी पडणारी बोटे हा भरपाईस पात्र असा व्यवसायजन्य रोग मानला गेला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० सालच्या यादीतही हादऱ्याने होणारे विकार आहेत.

शिरोलीचा आमचा फेटलर पाळीभर ग्राइंडर धरतो आणि मग मोटारसायकलवर बसतो. आकडे वेगळे, पुस्तके वेगळी, पण हात तेच दोन. आणि आज आणखी एक नवा वर्ग रस्त्यावर आला आहे. घरोघर जेवण आणि पार्सले पोहोचविणारी ही मुले दहा-दहा तास मोटारसायकलवर असतात. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना ‘गिग कामगार’ असे नाव दिले. त्यांची गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, मूठ स्वतःची आणि मुंग्याही स्वतःच्याच. एखाद्या मुलाच्या हातातून तुमच्या दारात पाकीट निसटले तर रागावण्याआधी त्याच्या बोटांकडे पाहा.

आम्ही त्या वेळी काय केले ते सांगतो आणि थांबतो. आम्ही पाच जणांनी एके दिवशी आपापले हात युनियनच्या बैठकीत टेबलावर ठेवले. भाषण केले नाही. पाहणाऱ्यांत आणखी सात जण निघाले. मग मागणी लिहिली, ती पगाराची नव्हती: नवा ग्राइंडर घेण्याआधी तो ज्याला धरावयाचा आहे त्याच्या हातात आठ दिवस द्या, झिजलेली, तोल गेलेली चाके वेळेवर बदला, आणि ग्राइंडरवरचा माणूस पाळीत आलटून पालटून दुसऱ्या कामावर घाला. ती मान्य व्हावयास दोन वर्षे लागली, आणि तीही पुरती झाली नाही. पण त्या बैठकीपासून आमच्या रांगेत कोणी हात खिशात लपविला नाही.

तेव्हा घरी जाताना एवढे करा. गाडी सुरू करून हँडल सैल धरा, आणि हात काय सांगतो ते ऐका. बोल्ट आवळावयाचा असेल तर बोल्ट आवळा, मूठ बदलावयाची असेल तर आपल्या पंजाच्या मापाने बदला. आणि हाताला मुंग्या येत असतील तर त्या आज घरी कोणाला तरी सांगा. माझ्या डाव्या हाताची दोन बोटे अजूनही थंडीत पांढरी पडतात. मी ती अकरा वर्षे कोणाला दाखविली नव्हती.